मेलेल्या कार्डाचा सातबारा

परवा ऑफिसात एका नवीन पोराने विचारलं, मॅडम, सर्व्हरचं नेटवर्क कार्ड बदलायला किती वेळ लागतो? मी पटकन बोलून गेले, दहा मिनिटं. आणि मग माझं मलाच हसू आलं, कारण इतक्या वर्षांत ज्या एका दहा मिनिटांच्या कामाने मला सगळ्यात जास्त घाम फोडलाय ते हेच. तर आज लिहूनच टाकते. २०१७ ची गोष्ट आहे. क्लायंट कोण ते सांगणार नाही, तेव्हाची बरीचशी मंडळी अजून याच धंद्यात आहेत आणि मलाही नोकरी करायचीय.

पवईच्या बाजूला एक डेटा सेंटर, तिथे एका रॅकमध्ये दोन सर्व्हरचा क्लस्टर, त्यावर क्लायंटचा मेन डेटाबेस. लिनक्स, रेड हॅट ६. दोन सर्व्हर अशासाठी की एक पडला तर दुसऱ्याने लगेच गादीवर बसायचं. डिस्क मात्र दोघांची मिळून एकच, स्टोरेजवरची. आता ज्यांनी क्लस्टर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण पुढचा सगळा राडा त्याच्यावरच आहे.

असं समजा की गावाला एक जमीन आहे आणि दोन भाऊ आहेत, एक मुंबईत आणि एक गावी. दोघांचं ठरलंय की रोज फोन करायचा. एक दिवस फोन लागत नाही. मुंबईवाल्याला वाटतं गावचा भाऊ गेला, गावच्याला वाटतं मुंबईचा गेला, आणि दोघंही आपापल्या परीने वारस म्हणून तलाठ्याकडे जाऊन त्याच सातबाऱ्यावर आपलं नाव चढवायला लागतात. क्लस्टरमध्ये याला स्प्लिट ब्रेन म्हणतात, आणि इथे सातबाऱ्याच्या जागी ती एकच डिस्क असते, दोघंही तिच्यावर एकदम लिहायला लागले की डेटाबेसची माती. ते होऊ नये म्हणून नियम असा की समोरच्याचा आवाज येईनासा झाला तर तो मेला असं नुसतं धरून चालायचं नाही, आधी त्याला खरोखर मारायचं, म्हणजे त्याच्या मॅनेजमेंट पोर्टवरून (मशीन लांबून बंद-चालू करायचा वेगळा पोर्ट) त्याची पॉवर बंद करून टाकायची आणि मगच डिस्कला हात लावायचा. हे फेन्सिंग. त्याला स्टोनिथ असंही नाव आहे, ज्याचा सरळ अर्थ समोरच्या नोडच्या, म्हणजे क्लस्टरमधल्या दुसऱ्या सर्व्हरच्या, डोक्यात गोळी घाल असा होतो. हे नाव ज्याने कुणी ठेवलं त्याने नक्कीच खूप नाईट शिफ्ट केलेल्या असणार.

तर आमच्याकडे दोन नंबरचा नोड आठवड्यातून दोनदा गोळी खात होता. कारण कळत नव्हतं. रात्री तीनला काय, दुपारी बाराला काय, अचानक रीबूट. ॲप्लिकेशनवाले म्हणायचे डेटाबेस स्लो आहे, डेटाबेसवाले म्हणायचे ओएस बघा, मी नेटवर्कच्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, "अगं, पोर्ट अप आहे, माझ्याकडे सगळं हिरवं दिसतंय."

हिरवं दिसतंय. हे वाक्य ऐकलं की मला प्लॅटफॉर्मवरचा इंडिकेटर आठवतो. गाडी रद्द झाल्याची अनाउन्समेंट झाली तर माणूस निमूट बाहेर पडून बस पकडतो की नाही? पण इंडिकेटरवर कर्जत १ मिनिट, १ मिनिट, १ मिनिट असंच वीस मिनिटं दिसत राहिलं तर आपण तिथेच अडकतो. कार्ड पूर्ण मेलं असतं ना तर मी पेढे वाटले असते. ते अर्धमेलं होतं, लिंक चालू, लाईट चालू, पण आत येणारी डेटाची पाकिटं फाटत होती.

ते सापडलं इथटूल नावाच्या लिनक्सच्या कमांडमध्ये. इथटूल मायनस मोठा एस दिलं की कार्डाचे सगळे काउंटर पडतात, त्यात सीआरसी एररचा आकडा बघायचा. प्रत्येक इथरनेट फ्रेमच्या, म्हणजे त्या पाकिटाच्या, शेपटीला चार बाईटची एक बेरीज लावलेली असते, तीच सीआरसी, घेणारं कार्ड ती परत करून बघतं, जुळली नाही की फ्रेम फेकून देतं आणि काउंटर एकने वाढवतं. वरच्या कुणाला काही सांगत नाही. आमचा काउंटर तासन्‌तास गप्प बसायचा आणि मग मधेच दोन मिनिटांत हजारोंनी पळायचा, आणि बरोब्बर त्याच वेळी क्लस्टरच्या लॉगमध्ये टोकन, म्हणजे दोघांमध्ये फिरणारा हजेरीचा निरोप, हरवल्याचा मेसेज. म्हणजे भावांचा फोन लागत नव्हता तो असा.

सीआरसी दिसला की लगेच कार्ड बदलायला धावू नका हां. बऱ्याचदा फायबरचं टोक घाण असतं, ते साफ करायचं पेनासारखं एक क्लीनर मिळतं त्याने पुसलं की आजार जातो. मग केबल, मग मोड्यूल, म्हणजे केबल ज्यात खोचतात तो तुकडा, मग स्विचचा पोर्ट, आणि कार्ड सगळ्यात शेवटी. आम्ही सगळं केलं. आणि मग मी बाँडिंगमध्ये, म्हणजे दोन पोर्ट मिळून एक केलेल्या जोडीत, हाताने दुसरा पोर्ट पुढे केला, ज्याची केबल वेगळी, मोड्यूल वेगळं, स्विचसुद्धा वेगळा. तरी तोच आजार. दोघांमध्ये सामाईक काय तर फक्त ते कार्ड.

आणि इथे आणखी एक गोष्ट उघडी पडली. डिझाईनच्या पीपीटीमध्ये मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की नेटवर्कला रिडंडन्सी आहे, म्हणजे एक रस्ता गेला तर दुसरा तयार, दोन पोर्टचं बाँडिंग. होतं की! पण दोन्ही पोर्ट एकाच कार्डाचे. दोन कुलपं लावायची आणि दोन्ही एकाच कडीला, आणि ती कडीच सडकी. वर बाँडिंग दर १०० मिलिसेकंदाला काय बघायचं तर लिंक आहे की नाही एवढंच, आणि लिंक तर कायम होती, म्हणून त्याने आपणहून पोर्ट कधी बदललाच नाही. बदलून फायदा नव्हता तो भाग वेगळा.

असो. स्पेअर मागवलं, चेंज अप्रूव्ह झाला, शनिवारी रात्री ११ ते ४ ची विंडो, म्हणजे कामाला मिळालेली वेळ. मी डोंबिवलीहून स्लो पकडून कांजूरमार्गला उतरले, तिथून रिक्षा. गेटवर सिक्युरिटीचे काका, सातारकडचे. बॅगेत स्क्रूड्रायव्हर सापडला.

"ताई, ह्याची गेटपासवर नोंद नाय."
"काका, मी मशीन उघडायलाच आलेय, नखाने उघडू का?"
"तुमचं खरं हाय, पण माझी नोकरी जाईल."

अर्धा तास. अर्धा तास मी रात्री ११ वाजता मेलवर एका स्क्रूड्रायव्हरचं अप्रूव्हल घेत होते. तेवढ्यात व्हेंडरचा इंजिनीअर पण उशिराच आला, कार्ड तेच मॉडेल पण त्याची मागची धातूची पट्टी लांब होती आणि आमचा स्लॉट बुटका. याला घाबरायचं नसतं, जुन्या कार्डाची पट्टी दोन स्क्रू काढून नव्याला बसवायची. पण स्क्रूड्रायव्हर हवा. तो गेटवर. बघा म्हणजे.

शेवटी साडेबाराला सुरू केलं. दोन नंबरचा नोड स्टँडबायला टाकला. स्टँडबाय म्हणजे आपला रविवारचा मेगाब्लॉक, माटुंगा ते मुलुंड जलद मार्ग बंद, सगळ्या गाड्या धीम्यावर. काम चालू राहतं, थोडं दाटीवाटीने. डेटाबेस एक नंबरवर आहे, चालतोय, हे डोळ्याने बघितलं. मग शटडाउनच्या आधी इथटूल मायनस पी मारला, त्याने त्या पोर्टचा दिवा लुकलुकतो आणि रॅकमागे उभ्या माणसाला कळतं की नेमकं कुठे हात घालायचाय. हे न करता भलत्याच नोडची केबल उपटलेला माणूस मी प्रत्यक्ष पाहिलाय, आणि तो हुशार होता, फक्त रात्रीचे तीन वाजले होते.

मग मशीन बंद, दोन्ही पॉवर कॉर्ड काढल्या, मनगटाला अर्थिंगचा पट्टा, कार्ड ज्यात बसतं तो रायझर वर उचलला, जुनं काढलं, पट्टी बदलली, नवं बसवलं, मोड्यूल जुनीच लावली कारण ती चांगली होती, केबल लेबलप्रमाणे. घड्याळ लावून दहा मिनिटं. माझ्याबरोबर आलेला ज्युनिअर म्हणाला, "मॅडम, पहिली लोकल मिळेल बहुतेक." मी पण खूश. पॉवर ऑन.

आता सातबारा.

प्रत्येक नेटवर्क पोर्टाला जन्मतःच एक मॅक ॲड्रेस असतो, बारा आकडी-अक्षरी. रेड हॅट ६ मध्ये युडेव्हची, म्हणजे हार्डवेअरला नावं देणाऱ्या भागाची, एक फाईल असते, पर्सिस्टंट नेट रूल्स म्हणून, तिच्यात लिहिलेलं असतं की अमुक मॅक म्हणजे इथ-दोन, तमुक मॅक म्हणजे इथ-तीन. ऑनबोर्ड पोर्ट इथ-शून्य आणि एक, आमचं कार्ड दोन आणि तीन. चांगल्या हेतूने केलेली सोय आहे, रीबूटला नावं उलटसुलट होऊ नयेत म्हणून. पण नवं कार्ड आलं की मशीन बघतं, अरे हा मॅक तर ओळखीचा नाही, आणि दोन-तीन ही नावं तर आधीच कुणाच्या तरी नावावर आहेत. तो मेलाय, प्लॅस्टिकच्या पिशवीत व्हेंडरच्या बॅगेत पडलाय, पण नाव त्याचंच. मग नव्याला मिळतात इथ-चार आणि इथ-पाच. आणि बाँडिंगची सगळी कॉन्फिग दोन आणि तीनवर! म्हणजे बाँड उभा राहिला तो बिनपोराचा, आत एकही पोर्ट नाही.

हे मला माहीत होतं, खोटं नाही सांगत, माझ्या यादीत लिहिलेलं होतं की बूट झाल्यावर फाईल दुरुस्त करायची. मला जे सुचलं नाही ते वेगळंच. मी नोड स्टँडबायला टाकला होता आणि माझ्या डोक्यात बसलं होतं की तो आता गप्प बसेल. पण स्टँडबाय म्हणजे त्याला काम देऊ नका एवढंच, त्याच्या हातातली बंदूक काढून घ्या असं नाही. बूटला क्लस्टरची सर्व्हिस आपोआप चालू व्हायची ती मी बंद केलीच नव्हती.

तर दोन नंबर उठला, बाँडवर कुणी नाही, भावाचा आवाज नाही, दोन नोडच्या क्लस्टरमध्ये एकट्याचंही मत पुरतं अशी खास सवलत असते ती त्याला होतीच, थोडे सेकंद वाट बघितली आणि मॅनेजमेंटच्या नेटवर्कवरून, जे ऑनबोर्ड पोर्टावर वेगळं होतं आणि ठणठणीत चालू होतं, त्याने एक नंबरला गोळी घातली. डेटाबेस चालवणाऱ्या, पूर्ण निरोगी एक नंबरला.

रॅकमधले पंखे अचानक जोरात फिरले. तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांनाच कळेल पोटात काय होतं ते.

ज्युनिअर म्हणाला, "मॅडम, वरचा रीबूट झाला काय?" मी काही बोलले नाही, दोन नंबरच्या कन्सोलवर धडाधड ती फाईल उघडली, जुन्या दोन ओळी उडवायच्या, नव्या ओळींची नावं बदलायची, इंटरफेसच्या फायलींमध्ये हार्डवेअर ॲड्रेस बदलायचा. मॅक टाईप करताना स्टिकरवरून ज्युनिअर वाचून दाखवतोय, मी ओरडतेय "बी की आठ?", तो म्हणतो "बी, बी फॉर बॉम्बे". आणि फाईल सेव्ह करणार तोच स्क्रीन काळी. कारण एक नंबर तेवढ्यात बूट होऊन उठला होता, त्यालाही भाऊ दिसला नाही, आणि त्याने दोन नंबरला गोळी घातली. फिट्टंफाट.

आता पुढचं डोक्यात आलं तेव्हा मात्र हातपाय गार पडले. दोन नंबर परत उठणार, परत भाऊ दिसणार नाही, परत एक नंबरला मारणार, आणि एक नंबर तर आत्ता कुठे डेटाबेस चढवतोय. हे असं सकाळपर्यंत चालू शकतं. मी ज्युनिअरला सांगितलं, मागे पळ आणि दोन नंबरच्या दोन्ही कॉर्ड काढ, विचारू नको, काढ. पोरगा खरंच पळाला, गरम बाजूच्या गल्लीत, त्याने आधी नंबर मोठ्याने वाचला, "नोड दोन, काढू?", मी म्हटलं काढ. त्या घाईतसुद्धा त्याने विचारलं याचं मला आजही कौतुक आहे, त्याने एक नंबरची काढली असती तर हा लेख मी लिहिला नसता, दुसरं काही तरी करत असते, पोळी-भाजी केंद्र वगैरे.

डेटाबेस एकूण १४ मिनिटं बंद होता. विंडोच्या आत होतं म्हणून निभावलं.

मग शांतपणे केलं. दोन नंबरला सिंगल यूजरमध्ये, म्हणजे बाकीच्या सर्व्हिस चालू न करता, उठवला, क्लस्टरची सर्व्हिस बूटमधून काढली, नावं दुरुस्त केली, रीबूट, बाँडची स्थिती दाखवणारी प्रोकमधली फाईल उघडून बघितली, दोन्ही पोर्ट आत, पण गेटवेला, म्हणजे नेटवर्कच्या दाराला, पिंग नाही, हाक मारली तर उत्तर नाही. नेटवर्कवाल्याला झोपेतून उठवलं. तो म्हणाला, "थांब, पोर्ट एरर-डिसेबल दाखवतोय. नवा मॅक कुठला आला हा?" स्विचवर पोर्ट सिक्युरिटी होती, त्यात जुना मॅक चिकटवून ठेवलेला, नवा दिसला की पोर्टच बंद. घ्या, दुसरा तलाठी! त्याने जुनी नोंद उडवली, पोर्ट वर घेतला. मग मोठं पिंग मारलं, ८९७२ बाईटचं, तुकडे करू नको असं सांगून. जंबो फ्रेम ९००० ची असते, त्यातून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ वजा केले की हा आकडा. साधं पिंग चालतं आणि मोठं अडकतं असं झालं तर कुठेतरी एमटीयू, म्हणजे पाकिटाची कमाल साईज, वाढवायचा राहिलाय, आणि तसाच नोड क्लस्टरमध्ये घेतला तर हार्टबीट, म्हणजे भावांचा रोजचा फोन, छान आणि डेटा जागच्या जागी अडकलेला, म्हणजे परत तोच इंडिकेटर. हे चाललं. सीआरसी काउंटर अर्धा तास शून्य. मग हाताने क्लस्टर चालू केला, भावांची भेट झाली, स्टँडबाय काढला. सव्वाचार. विंडो उलटून पंधरा मिनिटं झाली होती, त्याचा वेगळा मेल आला.

सोमवारी सकाळी दहाला फोन. एक रिपोर्टचं सॉफ्टवेअर चालत नाही. त्याचं लायसन्स कशाला बांधलेलं? मॅकला. कुठल्या? बरोबर. तिसरा तलाठी. नवं लायसन्स यायला दोन दिवस लागले आणि त्या दोन दिवसांत मला जेवढं ऐकून घ्यावं लागलं तेवढं त्या १४ मिनिटांबद्दलसुद्धा नाही, कारण डेटाबेस पडला ते रात्री आणि रिपोर्ट साहेब लोक सकाळी बघतात.

नंतर आम्ही बाँडमध्ये एक पोर्ट एका कार्डाचा आणि एक दुसऱ्या कार्डाचा असं केलं, आणि हार्टबीटला आणखी एक रस्ता ऑनबोर्डवरून दिला. पोर्ट तिथेच होते हो, पहिल्या दिवसापासून. क्लस्टरची सर्व्हिस बूटला आपोआप चालू करायची नाही हा माझा नियम तेव्हापासून, यावर लोक माझ्याशी वाद घालतात की मग रात्री नोड पडला तर आपोआप परत कसा येणार. नाही येणार. मी उठेन, कारण बघेन, मग घेईन. डोंबिवलीच्या माणसाला रात्रीच्या जागरणाचं काय एवढं.

रेड हॅट ७ पासून नावं मॅकवरून नाही तर कार्ड कुठल्या स्लॉटमध्ये आहे त्यावरून पडतात, म्हणजे त्याच स्लॉटमध्ये तेच मॉडेल लावलं तर नाव तेच राहतं, माणूस गेला तरी खोली नंबर तोच. मोठा आराम झालाय. पण इंटरफेसच्या फाईलमध्ये कुणी हार्डवेअर ॲड्रेस लिहून ठेवला असेल तर तिथे अजून अडकतं. विंडोजमध्ये वेगळीच मजा, नव्या कार्डाला जुना आयपी द्यायला गेलं की म्हणतो हा आयपी आधीच दुसऱ्या अडॅप्टरला दिलाय, आणि तो दुसरा अडॅप्टर कुठे दिसतच नाही, कारण तो काढून टाकलेला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेले डिव्हाइस दाखव म्हटलं की फिकट रंगात बसलेला सापडतो, भुतासारखा. त्याला अनइन्स्टॉल केलं की सुटतो.

ते सर्व्हर २०२१ मध्ये भंगारात गेले. गेल्या महिन्यात ऑडिटचा एक मुलगा लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आला, ॲसेट रजिस्टरमधला एक सीरियल नंबर दाखवत, "मॅडम, हे नेटवर्क कार्ड फिजिकली दाखवाल का?" मी नंबर बघितला. तेच. मी म्हटलं, अरे ते २०१७ मध्येच गेलं, व्हेंडर घेऊन गेला, ज्या मशीनमध्ये होतं तेही गेलं. तो म्हणाला, "हो, पण सिस्टिममध्ये ॲक्टिव्ह दिसतंय. तुम्ही तसं लेखी द्याल का?"

दिलं लेखी. मेलच्या सब्जेक्टमध्ये मृत्यूचा दाखला असं टाईप केलं होतं, पाठवायच्या आधी खोडलं.